आईचा ब्राउझर

"आई विषाबद्दल वाचतेय," अभयदादा फोनवर म्हणाला. "तू आहेस कुठे?"

मी नाशिकला, विमा कंपनीच्या ऑफिसात, डबा उघडून बसले होते. दादा पुण्याला. आई चाळीसगावला, बाबा गेल्यापासून एकटी. मी विचारलं, कसलं विष? तो म्हणाला, कण्हेरीचं. सकाळपासून तिने कण्हेरीवरच काहीबाही शोधलंय. फूल, मूळ, बी, विषबाधा. तिला फोन करू नकोस, म्हणाला, उगाच सावध होईल. तू मिळेल त्या गाडीने नीघ, मी इथून निघतोच आहे.

त्याला हे सगळं कसं कळलं, हे विचारायचं मला त्या क्षणी सुचलंच नाही. डबा तसाच झाकून मी स्टेशन गाठलं.

संध्याकाळी घरी पोचले तर दार उघडंच होतं. आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर चौकटींचा कागद, शेजारी खोडरबराचा चुरा, कानामागे पेन्सिल. जळगावच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीसाठी ती शब्दकोडी करायची. निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून सुरू केलेलं ते काम, पण पुढे तिचं नाव त्याच्यावरच झालं होतं. कुमुद दुसान्यांचं कोडं सुटलं की लोक एकमेकांना फोन करून सांगत.

मला पाहून ती चकितच झाली. न कळवता कशी आलीस, बरं आहे ना सगळं, असं विचारत पाणी आणायला उठली. मी मोघम काहीतरी सांगितलं आणि तिच्या कागदाकडे पाहिलं. आडव्या शब्दांत एका ठिकाणी 'कण्हेर' बसवलेलं होतं आणि खाली तिच्या बारीक अक्षरात सूचक वाक्य: देवाला चालते, पोटाला नाही.

मला हसू आवरेना, आणि मग डोळ्यांत पाणीच आलं. काय झालं ते मी तिला सांगितलं. तीही हसली आधी. मग हसता हसता थांबली.

"पण अभयला कसं कळलं?"

दादा कन्नडचा घाट उतरून दिवेलागणीला आला. घामाघूम. आईला धडधाकट बघून तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ नुसता तिच्याकडे पाहत राहिला. त्याचं प्रेम खोटं नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे. आमच्या घरात कोणाला ताप आला तर दादाच रात्रभर जागायचा.

आईने त्याला चहा दिला आणि मग तोच प्रश्न विचारला. दादाने सरळ सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याच्या मनातही नव्हतं. टॅब त्यानेच घेऊन दिला होता आणि सुरू करून देताना स्वतःच्याच खात्याने सुरू करून दिला होता. त्यामुळे आई जे शोधायची, जी पानं उघडायची, ते त्याच्याही फोनवर दिसायचं. रोज नाही बघत मी, तो म्हणाला, पण अधूनमधून नजर टाकतो. तू एकटी असतेस म्हणून.

आईने विचारलं, काय काय पाहिलंस?

दादा उत्साहाने सांगू लागला. गुडघ्याचं वाचत होतीस, म्हणून तर मी पट्टा पाठवला आणि गच्चीवर जाणं बंद करायला लावलं. चक्कर का येते ते बघितलंस, त्याच आठवड्यात येऊन स्कूटी विकून टाकली. हंपीच्या सहलीचं पाहिलंस, तेव्हाच मी म्हटलं की एवढ्या लांबचे प्रवास आता नकोत. बघ, कुठेतरी उपयोग झालाच ना?

आई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या जुन्या फोटोतला माणूस आपण समजत होतो तो नव्हताच, हे कळल्यावर होतो तसा चेहरा झाला होता तिचा.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "याला माझं न सांगता कळतं."

दादाला त्यातलं काही कळलं नाही. तो म्हणाला, कळतंच की.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. नोकरीची पहिली पंधरा-सोळा वर्षं तिने ट्रंक कॉल जोडण्यात घालवली. गावातली लग्नं, भांडणं, मरणं सगळी तिच्या हाताखालून गेली. जेवताना आम्ही कितीही विचारलं तरी तिने कधी कोणाचं एक वाक्य सांगितलं नाही. त्या संध्याकाळी ती दादाला म्हणाली, कॉल जोडला की कान काढून घ्यायचा, एवढंच आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. दादा म्हणाला, ते लोक परके होते आई. मी तुझा मुलगा आहे.

सकाळी तो पुण्याला परत गेला. मी एक दिवसाची रजा वाढवली. त्याची गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर आईने टॅब आणून माझ्यासमोर ठेवला.

"वृंदा, मला असं काहीतरी करून दे, की मी काय वाचते ते मलाच ठाऊक राहील."

आता मला या विषयातलं फार कळत होतं असं नाही. पण ऑफिसात पॉलिसीधारकांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून आमचं दोन-तीनदा प्रशिक्षण झालं होतं, आणि त्यानंतर मी स्वतःच्या फोनवर ब्राउझर बदललाही होता. मी आईला समजावलं. नुसती खाजगी खिडकी उघडून भागत नाही; तिचा इतिहास टॅबवर राहत नाही, पण ज्या साइटवर जातो ती साइट आणि मधले जाहिरातवाले बघतातच. त्यापेक्षा मुळातच माग न ठेवणारा ब्राउझर घ्यायचा, दादाचं खातं काढायचं, आणि शोधयंत्रही असं निवडायचं की जे कोणी काय शोधलं याची नोंद ठेवत नाही.

"मग लाव," ती म्हणाली. "पण मला रोज वापरता आला पाहिजे. सणासुदीला काढायचं भांडं नको."

दुपारभर आम्ही तेच करत बसलो. एक ब्राउझर उतरवून घ्यायचा, त्याच्यावर आईची रोजची कामं करून बघायची, नाही जमलं तर काढून टाकायचा. पहिला फारच कडक निघाला. त्याने इतकं काही अडवलं की वीजबिल भरायचं पान पांढरंच्या पांढरं राहिलं, आणि प्रत्येक पान उघडायला एवढा वेळ की आईची एका शब्दाची सूचना लिहून झाली तरी ते फिरतच होतं. दुसऱ्याने जाहिराती थांबवल्या, पण उघडला की स्वतःच्याच बातम्या आणि कसल्या कसल्या बक्षिसांची पाटी पुढे करायचा. आई म्हणाली, हा दारातच बोलत बसतो, आत येऊ देत नाही. तिसऱ्यावर मराठी अक्षरं नीट दिसली, मोठी करता आली, बिलाचं पान उघडलं, आणि बंद केलं की सगळं आपोआप पुसलं जाईल अशी सोयही सापडली. तिच्या नेहमीच्या शब्दकोशाच्या पानावर गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती भरलेल्या असायच्या. या ब्राउझरमध्ये ते पान उघडलं तर नुसते शब्द आणि त्यांचे अर्थ. आईने ते पान खालीवर करून पाहिलं.

"एवढी जागा होती होय यात?" ती म्हणाली.

तो ठरला. तिला बाकी तपशिलात रस नव्हता, पण एक गोष्ट तिने पुन्हा पुन्हा करून पाहिली. काहीतरी शोधायची, बंद करायची, परत उघडायची. परत उघडल्यावर काहीच नसायचं. प्रत्येक वेळी ती मान हलवायची.

दादाचं खातं मात्र तिने मला काढू दिलं नाही. कुठे बोट ठेवायचं ते विचारलं आणि स्वतः काढलं. मग लगेच त्याला फोन लावला. अभय, तुझं खातं मी टॅबवरून काढलंय, राग मानू नकोस, जे विचारावंसं वाटेल ते मला विचार. पलीकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. पण थोड्या वेळाने माझा फोन वाजला.

"तू करून दिलंस ना हे?" दादा म्हणाला. "उद्या तिला काही झालं तर?"

मी म्हटलं, काही झालं तर ती सांगेल. लहान आहे का ती?

त्याने फोन ठेवला. त्यालाही ते पटलं असावं, किंवा नसावं.

त्यानंतरचा काळ आईच्या आयुष्यातला फार चांगला होता, हे आजही मी म्हणेन. तिच्या आवाजातच फरक पडला. फोनवर ती आपणहून सांगायला लागली, आज काय वाचलं, कुठला शब्द कुठून आला, पोर्तुगीज काय काय घेऊन आले. आधी तिला विचारावं लागायचं. गावातल्या बायकांच्या गटाबरोबर ती हंपीला जाऊन आली. दादाला तिने जायच्या दिवशी कळवलं. त्याने आदळआपट केली नाही, गाडीभाड्यासाठी पैसे पाठवू का, एवढंच विचारलं. कोडी अवघड व्हायला लागली. संपादकांनी हसत तक्रार केली की वाचकांची पत्रं येताहेत, कुमुदताई आम्हाला झोपू देत नाहीत.

मला तिचा अभिमान वाटायचा. थोडा माझाही वाटायचा.

पुढे केव्हातरी तिने कोड्याच्या चौकटी मोठ्या काढायला सुरुवात केली. मी विचारलं तर म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढलाय. तिने एकदा दाराच्या कडेला खांदा आपटून घेतला, एकदा चहाचं पातेलं ओट्याच्या बाहेर ठेवलं. वयाप्रमाणे होतं, असं ती म्हणाली आणि मीही तेच म्हटलं. ती सांगेल, हे माझ्या मनात इतकं पक्कं होतं.

त्या वर्षी दिवाळीला ती माझ्याकडे नाशिकला होती. भाऊबीजेला दादा आला. ओवाळून झालं, पानं वाढली. आई पोळी वाढायला आली आणि तिने दादाच्या ताटाशेजारी, टेबलावर पोळी ठेवली. ठेवून पुढे गेली. तिला कळलंच नाही.

दादा त्या पोळीकडे पाहत राहिला. मग त्याने ती उचलून ताटात घेतली आणि जेवला. जेवण झाल्यावर तो आईला म्हणाला, मोतीबिंदू झालाय वाटतं तुला, उद्या दाखवून येऊ. आई म्हणाली, सण होऊन जाऊ दे. दादाने या वेळी ऐकलं नाही.

तो मोतीबिंदू नव्हता. डॉक्टरांनी कसल्या कसल्या यंत्रांसमोर तिची हनुवटी टेकवून बराच वेळ तपासलं आणि मग आम्हा दोघांनाही आत बोलावलं. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून आतली नस मरत जाते. उजवा डोळा जवळजवळ गेलेला होता. डाव्याला समोरचं दिसत होतं, पण कडेचं सगळं मिटलं होतं. आता राहिलंय ते सांभाळायचं, डॉक्टर म्हणाले. गेलेलं परत येत नाही.

मग त्यांनी आईला विचारलं, "आजी, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची का? डोकं दुखायचं?"

"दिसायची."

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं असेल."

"मग कोणाला दाखवलं नाहीत?"

"वाचलं होतं मी," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तेव्हा आला असतात तर लेसरने पुष्कळसं वाचवता आलं असतं, असं ते अगदी हळू आवाजात म्हणाले. त्यांना आम्हाला दुखवायचं नव्हतं, पण न सांगणंही त्यांना जमलं नाही.

आईला नर्सने थेंब घालून डोळे मिटून बसवलं होतं. आम्ही दोघं बाहेर आलो. पॅसेजमध्ये खुर्च्यांवर डोळ्यांना पट्ट्या लावलेली माणसं ओळीने बसली होती. दादा खिडकीशी जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा मला बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

"पहिल्यासारखं असतं ना," तो खिडकीतून बाहेर पाहत म्हणाला, "तर मला त्याच दिवशी कळलं असतं."

एवढंच. आवाजही चढलेला नव्हता. आणि ते खरं होतं. तिने दिव्याभोवतीची कडी असं काहीतरी शोधलं असतं, दादाच्या फोनवर ते उमटलं असतं, आणि संध्याकाळच्या आत त्याची गाडी चाळीसगावात आली असती. कण्हेरीच्या वेळी आली होती तशीच. त्या वेळी आम्ही हसलो होतो.

आई दादाकडे पुण्याला राहायला गेली. एकटीने राहण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चाळीसगावचं घर भाड्याने दिलं. कोडी तिने आणखी काही महिने केली. ती सांगायची, वहिनी लिहून घ्यायची. पण चौकटी स्वतःला दिसत नाहीत तर शब्द एकमेकांना कुठे छेदतात ते डोक्यात धरणं तिला जड जायला लागलं आणि एक दिवस तिने संपादकांना फोन करून थांबत असल्याचं कळवलं. दादाने तिला एका शब्दाने कधी टोचलं नाही. थेंबांच्या वेळा तो स्वतः सांभाळतो. ऑफिसातून आला की तिच्यापाशी बसून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवतो, मधल्या जाहिरातींसकट.

या गोष्टीला आता सहा-सात वर्षं झाली. मधल्या काळात मी पुण्याला किती वेळा गेले, आईशी किती बोलले, पण त्या दीड वर्षाबद्दल कधी विचारलं नव्हतं. विचारायचं म्हटलं की मला तो पॅसेज आठवायचा.

गेल्या हिवाळ्यात एकदा आम्ही दोघी दादाच्या गॅलरीत उन्हाला बसलो होतो. घरात दुसरं कोणी नव्हतं. आई मटार सोलत होती. तेवढं तिला बोटांनी करता येतं. मी विचारलं, आई, तेव्हा तू वाचलं होतंस तर गेली का नाहीस?

तिला मी कशाबद्दल बोलतेय ते लगेच कळलं. ती सांगत गेली, जणू कोणीतरी विचारेल म्हणून तिने ते लावूनच ठेवलं होतं. पहिल्यांदा कडी दिसली तेव्हा रस्त्यावरचा दिवा इतका सुंदर दिसला होता की ती बघत उभीच राहिली. मग तिने वाचलं. काय असू शकतं ते तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि लवकर दाखवा असंही लिहिलेलं होतं. तेव्हा हंपीची सहल तोंडावर आली होती. दाखवलं तर अभय आधी सहल थांबवणार, मग पुण्याला नेणार, आणि एकदा नेलं की परत पाठवणार नाही. म्हणून हंपी होऊन जाऊ दे, असं तिने ठरवलं. हंपीनंतर डोकं दुखायचं थांबलं, कडीही दिसेनात. तिला वाटलं, गेलं. मग ती पुन्हा आली. मग पुरवणीचा दिवाळी विशेषांक होता.

"रोज वाचायचे," ती म्हणाली. "वाचून झालं की बंद करायचे. बंद केलं की वाटायचं, नाहीच ते."

मी तिच्या पुढ्यातल्या शेंगा आपल्याकडे ओढून सोलायला घेतल्या.

"पस्तावा होतो का?" मी विचारलं.

"डोळ्यांचा होतो. का नाही होणार?" ती म्हणाली. "अभयला किती लागलं असेल, त्याचाही होतो. पण वृंदा, तेव्हा असं वाटायचं, की एवढं एक तरी माझ्यापाशी असू दे. गुडघे झाले, चक्कर झाली, सगळं त्याने नेलं. हे एक राहू दे."

खाली रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी येऊन थांबली होती. तो लाउडस्पीकरवर भाव सांगत होता. तो पुढे जाईपर्यंत मी शेंगा सोलत राहिले.

मग इतकी वर्षं आत दाबून ठेवलेलं माझ्या तोंडून निघालंच. "दादाला नको सांगायचं होतं, ते समजतं मला. पण मला का नाही सांगितलंस? मी तर तुझ्या बाजूने होते. तो ब्राउझर मीच लावून दिला होता ना तुला?"

"तू अभयला सांगितलं असतंस," आई म्हणाली.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उद्या सोमवार आहे, असं सांगावं तसं ती म्हणाली.

नाही, असं मी म्हणणारच होते. पण मी शेजारी बसले होते, आणि शेजारचं काही बघायचं तर आईला आता पूर्ण वळावं लागतं. मटारची परात तिने मांडीवरून खाली ठेवली, खुर्चीचा हात धरून ती माझ्याकडे वळली, आणि मी तिच्या डाव्या डोळ्यासमोर येईपर्यंत मान थोडी इकडे, थोडी तिकडे करत राहिली. मी सापडले तेव्हा थांबली.